जीप नाणल तिट्टूला जाते

जीप विकायची की ठेवायची हा प्रश्न सुप्रजाच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, वर्षश्राद्धाच्या पंगतीत निघाला, तोही वडे वाढण्याच्या वेळी. श्राद्धाच्या पानावर बसल्यावर बोलायचं नसतं. त्यामुळे अप्पांच्या धाकट्या भावाने, शंकरनारायणकाकांनी, तो खुणांनी काढला. उजवा हात पानात गुंतलेला होता, म्हणून डाव्या हाताने त्यांनी आधी दाराबाहेर बोट दाखवलं, मग हवेत स्टिअरिंग फिरवलं, आणि मग माशी झटकावी तसा तो हात झटकला. पंगतीतल्या सगळ्यांना कळलं. जीप आता काढून टाकावी. दोघातिघांनी घास घेता घेता माना डोलावल्या. वाढायला उभ्या असलेल्या सुप्रजाच्या मनात आलं, इतक्या शांततेत ठराव मंजूर करणारी सभा जगात दुसरी नसेल.

हात धुतल्यावर काका बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि ठरावाला शब्द मिळाले.

"वहिनी, ती आतां देऊन टाकावी. उभ्या उभ्या गंजते. आमचे अण्णा होते तोंवर ठीक होतं. आतां तुम्हांस तिचा काय उपयोग?"

सुप्रजाची आई वेंकटलक्ष्मी पानं गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. "मी चालवतें ती," ती म्हणाली.

"कोण चालवतं?"

"मी."

"कधीपासून?"

"ह्यांनीं शिकवली. साक्कोट्टैच्या पुढें, मोकळ्या रस्त्यावर. मंगळवारीं आम्ही भाजीस जात होतों ना, तें."

तिरुच्चीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या, कागदपत्रांमधल्या विसंगती शोधून त्यावर निबंध लिहिणाऱ्या सुप्रजाला आईवडिलांचे ते मंगळवार आठवले. सकाळी नऊला भाजीला गेलेली दोन माणसं दुपारी येत आणि सोबत एक दुधी असे. फोनवर तिने कधीतरी विचारलंही होतं, एका दुधीला एवढा वेळ? "चांगला मिळेना," अप्पा म्हणाले होते, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला होता.

काकांनी उपरण्याने तोंड पुसलं. "साक्कोट्टैचा रस्ता म्हणजे डांबर. त्यावर आमची म्हैसही चालवील. ही गाडी चारी चाकांनीं ओढणारी, डोंगरातली. हिचं काम निराळं."

"म्हणूनच म्हणतें. एकदां नाणल तिट्टूस जाऊन येतें. मग पाहूं."

नाणल तिट्टू म्हणजे कोळ्ळिडम नदीतलं एक बेट. चोळपुरम् ओलांडून उत्तरेला गेलं की नदीचं पात्र लागतं, इतकं रुंद की पलीकडची माणसं ओळखू येत नाहीत. आणि त्याच्या मधोमध पुरुषभर उंचीच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या गवताने भरलेली ही लांबलचक पाठ. माणूस कोणी राहत नाही. कोल्हे आहेत, मोर आहेत, आणि मगरींबद्दल मतभेद आहेत. निवृत्त झाल्यावर एका चहामळ्याच्या लिलावातून अप्पांनी ही जीप आणली ती या बेटावर जाऊन तंबू ठोकायचा म्हणून. दर रविवारी ते इंजिन सुरू करत, कॉफीचं डिकॉक्शन खाली उतरेपर्यंत चालू ठेवत, आणि बंद करत. पुढच्या रविवारी नक्की, म्हणत.

काकांनी थोडा विचार केला. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलेला आवडे. "सरी, बरं," ते म्हणाले. "जाऊन या. आपल्या चाकांवर गेली, आपल्या चाकांवर आली, तर ठेवा. मी पुन्हा तोंड उघडणार नाहीं. पण कोणी ओढून आणावी लागली, तर विकायची. कबूल?"

"कबूल," आई म्हणाली, ज्या आवाजात ती दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त म्हणते त्या आवाजात, आणि पानं घेऊन आत गेली.

वास्तविक दोन बायका, एक जीप आणि एक नदी एवढाच हा मामला होता. पण कुंभकोणमात दोन माणसांनी मिळून करायची गोष्ट अजून जन्माला यायची आहे. संध्याकाळपर्यंत चेन्नईहून काकांच्या मुलाचा, प्रणेशचा फोन आला. प्रणेश तिकडे गाडीवेड्यांच्या एका मंडळाचा सभासद होता आणि ज्या खिंडींची नुसती नावं ऐकून सर्दी व्हावी अशा ठिकाणी जाऊन आला होता. "काकू, एकट्या गाडीने वाळूत उतरायचं नसतं. बॅकअप लागतो. मी येतो माझी गाडी घेऊन." प्रणेश येणार म्हणून काका येणार, शिवाय निकाल द्यायला साक्षीदार नको का? आणि शेजारच्या सरोजामामींनी तर विचारलंही नाही. त्यांनी सरळ सांभाराची पूड कुटायला घेतली.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या घरातून निरोप आला की मगरी अनैक्करैच्या धरणाशी असतात, इथे येत नाहीत. मागच्या घरातून निरोप आला की मगरींना हे कोणी सांगितलेलं नाही. कोणी सापांसाठी लसूण न्यायला सांगितला, ज्यावर काकांनी आपल्या उपस्थितीत लसूण हा शब्दही उच्चारू नये असं बजावलं. सरोजामामी स्वतः तिरुक्करुगावूरला जाऊन देवीच्या पायाशी ठेवलेल्या एरंडेलाची बाटली घेऊन आल्या.

"मामी, ते अडलेल्या बाळंतिणीच्या पोटाला लावतात," सुप्रजा म्हणाली.

"मग? अडलेल्याला सोडवणं एवढंच देवीला माहीत. बाई आहे की गाडी आहे, ती बघत बसते का?" मामींनी बाटली जीपच्या खणात ठेवून दिली.

परवानगीचं काम शिकलेली म्हणून सुप्रजाकडे आलं. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, बेट जमीन आहे, महसूलकडे जा. दुसऱ्याने सांगितलं, बेट पाण्यात आहे, पाण्याच्या खात्याकडे जा. तिसऱ्या कार्यालयातल्या गृहस्थांनी भिंतीवरच्या नकाशावर बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, "अम्मा, असं बेट नाहीच."

"साहेब, मी ते बंधाऱ्यावरून पाहिलंय."

"तुम्ही पाहिलं असेल. सरकारने पाहिलेलं नाही. नसलेल्या ठिकाणी जायला परवानगी कशी देऊ?"

"म्हणजे परवानगी लागत नाही?"

"जायला लागत नाही," ते विचारात पडून म्हणाले. "पण नसलेल्या ठिकाणाहून गाड्या परत येताना दिसल्या, तर लोक म्हणणार वाळू चोरायला गेले होते. तेव्हा येताना जरा जपून."

सुप्रजाला हे उत्तर कोणत्या शाखेच्या तत्त्वज्ञानात बसवावं कळेना. तिने आभार मानले.

तारीख ठरवायला काकांनी पंचांग उघडलं आणि प्रणेशने ऑफिसचं कॅलेंडर. एकादशी नको, उपास. द्वादशी नको, पारणं. अमावास्या नको, आणि शनिवार-रविवार सोडून इतर वारही नकोत. दोघांनी मिळून जवळजवळ सगळा मासी हा तमिळ महिना खोडून काढला. उरला तो एकच शनिवार, ज्याच्याबद्दल कोणाचीच काही तक्रार नव्हती. त्यामुळे काकांना तो शेवटपर्यंत संशयास्पद वाटत राहिला.

निघताना एक अडचण आली. ती अशी होती की मोठ्याने कोणाला बोलता येईना.

"वहिनी," काका जीपच्या चाकाकडे बघत म्हणाले, "गल्लीच्या टोकापर्यंत प्रणेश काढील. तुम्ही तोंवर मागें बसा. निघतांना म्हणजे... आपलं... कसं..."

कपाळाला कुंकू नसलेल्या बाईने शुभकार्याच्या पुढे असू नये, हे वाक्य काकांच्या घशात अडकलं. सुप्रजाने तोंड उघडलं. गेल्या वर्षभरात या विषयावर तिने मनातल्या मनात उत्तम भाषणं तयार केली होती, तळटिपांसह. पण आईने चावी फिरवली होती. "क्लच कडक आहे, भावजी. दुसऱ्याच्या पायास ऐकत नाहीं," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात सरोजामामी, ज्या वास्तविक जीपमध्ये बसलेल्या असायला हव्या होत्या, पाण्याने भरलेली पितळी घागर कमरेवर घेऊन समोरून अशा काही वेगाने आडव्या गेल्या की आईला ब्रेक दाबावा लागला आणि निम्मं पाणी बॉनेटवर सांडलं.

"झाला शकुन!" मामी ओरडल्या. "सुवासिनी, भरली घागर, डावीकडून उजवीकडे. आता कोणी तोंड उघडू नका." घागर ओट्यावर ठेवून त्या मागे येऊन बसल्या. आणि ताफा निघाला: पुढे अप्पांची हिरवी जीप, मागे धुराड्यासारखी नळी लावलेली प्रणेशची मोठी पांढरी गाडी, आणि तिच्यात सोवळ्याची पिशवी मांडीवर घेऊन काका.

बंधाऱ्याशी प्रणेशने सगळ्यांना थांबवून व्याख्यान दिलं. वाळूत टायरमधली हवा कमी करावी, गिअर खालचा ठेवावा, अँगल बघावा. त्याच्या गाडीत वाळूचं एक वेगळं बटण होतं. आईने हवा आधीच काढली होती. ती म्हणाली, "ह्यांनीं एकच सांगितलेलं. वाळूंत थांबायचं नाहीं. हळू जा, वेडं वांकडं जा, पण थांबूं नको."

"थिअरी तीच आहे, काकू," प्रणेश समजूतदारपणे म्हणाला, बटण दाबून पुढे झाला, आणि फोनवर चित्रीकरण नीट व्हावं म्हणून पात्राच्या मध्यावर थांबला.

पुढचं सुप्रजाने आयुष्यभर जपून ठेवावं असं दृश्य होतं. पांढरी गाडी हळूहळू बसली, एखादी वजनदार बाई लग्नात सतरंजीवर बसते तशी. आतून एक गोड बाईचा आवाज इंग्रजीत काहीतरी परत परत सांगू लागला. काका खिडकीतून डोकं काढून विचारत होते, "ती कोण बोलते? काय म्हणते?" आई तिच्याभोवती जीप एका मोठ्या वळणाने घेऊन कडक जमिनीवर पोचली, मगच थांबली. दोर बांधला, जीप गुरगुरली, आणि पांढरी गाडी बूच निघावं तशी बाहेर आली. प्रणेशने चित्रीकरण बंद केलं. काका आपली पिशवी आणि तांब्याचा कलश घेऊन उतरले आणि काही न बोलता जीपमध्ये येऊन बसले. "तात्पुरता," त्यांनी खुलासा केला.

बेटावर मुक्काम कसा झाला हे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यातला बराचसा वेळ तंबूने घेतला. तंबू आपोआप उघडणारा होता. तो पिशवीतच आपोआप उघडला. काकांनी, अनोळखी माणसाने शिवलेल्या कापडाखाली आपल्याला बसता येत नाही असं सांगून, वाळूत काठीने एक मोठा चौकोन आखला आणि आत चूल मांडली. हे सोवळं, इकडे कोणी पाय टाकायचा नाही. सगळ्यांनी तो चौकोन पाळला. एका मोराने पाळला नाही. तो सावकाश आत आला, भाताच्या पातेल्यात डोकावला, आणि काका पळी उगारून त्याला संस्कृतात हाकलत असताना दुसऱ्या बाजूने निघून गेला. मोराचा विटाळ होतो का, यावर बरीच चर्चा झाली. मोर हे देवाचं वाहन आहे, पण शैवांकडचं, आणि काका पक्के वैष्णव, हा त्यातला कठीण भाग होता. शेवटी भूक लागली म्हणून मोर निर्दोष ठरला.

संध्याकाळी वारा सुटला आणि गवताचे तुरे एका बाजूला कलून चांदीसारखे झाले, इथून तिथपर्यंत. पाणी कुठेतरी आतून वाहत असल्याचा आवाज येत होता. आई बॉनेटवर चढून बसली होती, पाय बंपरवर, हातात कॉफीचा पेला. सुप्रजाने तिला कधीही कशावरही चढून बसलेलं पाहिलं नव्हतं. ती जवळ जाऊन उभी राहिली. आता आई काहीतरी बोलेल, ते असायला हवे होते असं काहीतरी, आणि आपल्याला ते ऐकून उभं राहावं लागेल, अशी तिने मनाची तयारी केली.

"केवढा वारा," आई म्हणाली. "त्यांस सर्दीच झाली असती."

मग बऱ्याच वेळाने, पेला उपडा करून झटकत, "पण आले असते."

सकाळी परत निघाले. प्रणेश पुढे. या वेळी तो कुठेही न थांबता पलीकडे पोचला आणि काठावर उतरून, आपण आल्याचं कोणाच्या तरी लक्षात आलंय का, हे बघू लागला. मागून जीप. शेवटचा प्रवाह गुडघाभर पाण्याचा होता. त्यापलीकडे वाळूचा एक पट्टा, मग बंधारा, मग डांबर. पैज म्हणाल तर जिंकल्यातच जमा होती. सुप्रजाने मनातल्या मनात काकांना वाचून दाखवायचं एक छोटंसं, अत्यंत सभ्य वाक्य तयार केलं.

"वहिनी, जरा थांबा," काका म्हणाले.

"इथें?"

"वाहतं पाणी आहे. स्वच्छ. पूजेस कलश भरून घेतों. काठावर गुरं उतरतात."

आईचे हात चाकावर घट्ट झाले. सुप्रजाने ते पाहिलं. अप्पांनी सांगितलेली एकच गोष्ट आणि दिराने मागितलेलं देवाचं पाणी, यांच्यामध्ये ती क्षणभर तशीच पुढे जात राहिली. पण लग्न होऊन आल्यापासून या घरात देवासाठी थांबा म्हटल्यावर ती थांबली नाही असं झालेलं नव्हतं. पायाने ब्रेक दाबला. काकांनी वाकून कलश भरला, वर कपडा बांधला, समाधानाने म्हणाले, "हं, चला."

जीप चालली नाही. चाकं फिरली, पाण्याचे फवारे उडाले, आणि मागची बाजू अशी खाली गेली की मामींची इडलीपात्रं एकामागून एक सुप्रजाच्या अंगावर आली.

"काका, तुम्हीच—" सुप्रजाने सुरुवात केली. आईने आरशातून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागवणं नव्हतं. श्राद्धाच्या पंगतीत वाढणाऱ्या सुनेला सासू जशी, आत्ता नको, म्हणते तसं काहीतरी होतं.

काकांना आपण काय केलं ते कळलं होतं. कळल्यामुळेच ते आकाशाकडे बघत होते.

प्रणेश उत्साहाने ओरडला की आता त्याच्या गाडीचा दोरखंड कामाला येणार. गाडीच्या नाकात यंत्राचं गुंडाळं होतं; त्यातून लोखंडी तार काढून त्याने जीपला अडकवली आणि बटण दाबलं. तार ताठ झाली. यंत्र कण्हू लागलं. जीप जागची हलली नाही. प्रणेशची गाडी मात्र चारी चाकं बंद असताना, मोठ्या डौलात, जीपकडे यायला लागली. पाण्यापासून हातभर अंतरावर त्याने बटण सोडलं.

तेवढ्यात बंधाऱ्यावरून आरडाओरडा झाला. पात्रात कलिंगडाचे आणि काकडीचे मळे करणारी माणसं, बायका, म्हातारे, लांब लांब बांबू घेऊन धावत येत होते. वाळू चोर! नसलेल्या ठिकाणाहून परत येण्याबद्दल त्या साहेबांनी दिलेला इशारा सुप्रजाला आत्ता नीट समजला. पुढाकार एका धिप्पाड माणसाचा होता. त्याचं नाव व्यंकटेश असल्याचं मागाहून कळलं. तो पाण्यात उतरून जीपपाशी आला, आत वाकला, आणि इडलीपात्रं, सोवळ्याची पिशवी, एरंडेलाची बाटली, आणि या सगळ्याच्या मधून दिसणारी सुप्रजा बघून थबकला.

"वाळू कुठाय?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"खाली," सरोजामामी संतापून म्हणाल्या. "सगळी चाकाखालीच आहे. घेऊन जा हवी तर!"

लोक हसले. बांबू खाली आले. व्यंकटेशने विहिरीचा काथ्याचा जाड दोर मागवला, जीपच्या पुढे बांधला, आणि मिळेल त्याने मिळेल तिथे हात घालून ओढायला सुरुवात केली. कोणी इकडे, कोणी तिकडे, कोणी नुसताच ओरडतोय. जीप डावीकडे कलली.

आता काकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कुंभकोणमात मोठ्या पेरुमाळचा तेर, म्हणजे विष्णूचा रथ, चैत्रात निघतो तेव्हा त्याच्या दोरीला काकांचा हात लागला नाही असं एकही साल गेलेलं नव्हतं. तरुणपणी ते दोरीवर असत. मग बढती मिळून ते चाकाशी आले, जिथे लाकडी पाचर हातात घेऊन बसायचं असतं: ती कुठल्या क्षणी चाकाखाली सारायची आणि कुठल्या क्षणी काढायची, त्यावर डोंगराएवढा तेर वळणार की घरात घुसणार हे ठरतं. जगात त्यांना असह्य होणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वाईट ओढलेला दोर.

ते थोडा वेळ सहन करत होते. दात आवळले. उपरणं कमरेला बांधलं. मग जीप आणखी कलली आणि त्यांच्या तोंडून आरोळी निघाली.

"अरे थांबा! दोर म्हणजे काय म्हशीचं दावं आहे? दोन रांगा करा! बायका डावीकडे! मागे बांबू लावा, चाकाच्या आत, वर उचलायचं, ढकलायचं नाही! पाचर कुठाय? तो ताडाचा ओंडका आणा!"

तमिळमध्ये ते कधी शिरले हे त्यांनाही कळलं नाही. धोतर खोचलं, चपला काढून बॉनेटवर ठेवल्या, आणि अनवाणी पाण्यात उतरले. लोकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. हा माणूस तेरावरचा आहे. पुढे काही सांगावं लागलं नाही. या मुलखात तेर ओढणं कोणाला शिकवावं लागत नाही. दोन रांगा झाल्या. बांबू मागच्या चाकाखाली बसले.

"वहिनी! चाक सरळ. पाय हलका. मी हात खाली केला कीं!" आणि मग फुप्फुसं फाटेपर्यंत, "गोविंदाऽऽ!"

निम्मी रांग ओढली. निम्मी तशीच उभी राहिली. ती माणसं शंकराच्या गावची होती. त्यांचे हात वेगळ्या आरोळीवर चालत. व्यंकटेशने नम्रपणे हे निदर्शनास आणलं. काकांच्या चेहऱ्यावर पिढ्यानपिढ्यांचं वैष्णवपण येऊन उभं राहिलं. त्यांनी जीपकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. काल मोराला दिलेली माफी बहुधा त्यांना आठवली असावी.

"गोविंदाऽ" ते ओरडले, आणि लगेच, जरा खालच्या आवाजात, "हर हर."

"महादेवाऽऽ!" सगळी रांग गर्जली. बांबू वाकले, दोर ताठ झाला, काकांनी गुडघे टेकून पाचर सारली, काढली, पुन्हा सारली. जीप हलली. आईने गडबड केली नाही. इंजिन एका सुरात, दोरीच्या पुढे नाही आणि मागे नाही, असं चालवत तिने ती पाण्यातून वाळूवर आणि वाळूवरून बंधाऱ्यावर आणली. काका पूर्ण वेळ चाकाशी वाकून चालत होते, पाचर हातात, घामाने निथळत, आणि सुप्रजाने त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

वर पोचल्यावर बायका पुढे आल्या. तेर जागेवर आला की वरून प्रसाद मिळतो; त्या आल्या आणि त्यांनी जीपच्या दाराशी ओंजळी धरल्या. आईच्या पुढे. आई बावरली. मग तिने मागे हात घालून खडीसाखरेचा डबा काढला आणि एकेकीच्या हातावर ठेवू लागली. बायकांनी ती डोळ्यांना लावली, तोंडात टाकली. एकीने आपल्या वेणीतला गजरा काढून आरशाला बांधला. कोणी तिच्या कपाळाकडे पाहिलं नाही. गेलं वर्षभर, कुठल्याही घरच्या मंगलकार्यात, आईपुढे हात पसरून कोणी काही मागितलेलं नव्हतं. सुप्रजा तोंड फिरवून इडलीपात्रं रचू लागली. ती रचलेलीच होती.

गर्दी पांगली. काका आले. भान परत आलं होतं, आणि त्याबरोबर साक्षीदारपणही. घसा खाकरून ते म्हणाले, "वहिनी, मला वाईट वाटतं. पण ठरलं होतं तसं... शेवटीं ओढूनच आणावी लागली."

सुप्रजाचं भाषण आता कोणी अडवू शकत नव्हतं. पण आईने बॉनेटवरच्या चपला उचलल्या आणि त्यांच्यापुढे वाळूत नीट जोडून ठेवल्या.

"भावजी, गाडी ओढायची असली तर माणूस चपला काढतो?"

काका चपलांकडे बघत राहिले.

"मोटार अडकली तर माणसं हात लावतात, शिव्या देतात, निघून जातात. तुम्ही कशास चपला काढल्यात? देवाचं नांव कशास घेतलंत? तेर कोणी ओढून आणला असं तुम्ही म्हणतां कधी?"

"तेर येतो," काका हळूच म्हणाले. सवयीने. जन्मभर तेच म्हणत आले होते. तेर ओढतात सगळे, पण आणत कोणी नाही, तेर येतो.

"मग?"

कलशाबद्दल तिने एक शब्द काढला नाही. तिथे थांबायला कोणी सांगितलं होतं, ते दोघांना माहीत होतं, आणि तिने ते तसंच पाण्यात राहू दिलं. काकांना ते कळलं. त्यांचे कान लाल झाले. चपलांत पाय घालायला त्यांनी उचललेला पाय पुन्हा खाली ठेवला.

"प्रणेश," ते म्हणाले, "माझ्या चपला तुझ्या गाडीत ठेव."

"बाबा, तुम्ही बसत नाही?"

"तेर अजून जागेवर गेला कुठें? घर राहिलं ना." त्यांनी ताडाची पाचर खांद्यावर टाकली आणि जीपच्या पुढे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. "चला वहिनी. हळू. चोळपुरम्च्या वळणावर मी सांगेन तसं."

आणि म्हणून त्या दिवशी चोळपुरम्च्या रस्त्यावर एक अनवाणी म्हातारा, त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये गजरा बांधलेली हिरवी जीप, तिच्या मागे मोठी पांढरी गाडी, आणि तिच्या मागे कुंभकोणमची सकाळची सगळी वाहतूक, अशी मिरवणूक निघाली. बसवाला चिडून वाजवत होता. सरोजामामी मागे वळून त्याला सांगत होत्या की घाई असेल तर उतरून दोर धर. सुप्रजाने आईला विचारलं की पुढे वाट मिळावी म्हणून आपणही जरा वाजवायचं का.

"काय बोलतेस," आई म्हणाली. नजर काकांच्या खांद्यावरच्या पाचरीवर, पाय क्लचवर हलका. "तेरास हॉर्न असतो?"